इमारतींना होय, माणसांना नाही

ऑक्टोबर सरता सरता कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत घरमालकांच्या नावानं एक बिल निघतं. पहिला हप्ता १ नोव्हेंबरपासून देय आणि १० डिसेंबर उलटला की वर दहा टक्के दंड. म्हणजे दरवर्षी नेमकं दिवाळीच्या आगेमागे. कूपर्टिनो-सनीव्हेलकडच्या मराठी घरांत फराळाच्या ऑर्डरी आणि प्रॉपर्टी टॅक्स हे दोन विषय एकाच आठवड्यात निघतात आणि दुसऱ्या विषयावर जरा जास्तच वेळ जातो.

हे बिल नीट वाचणारी माणसं थोडी. बहुतेक जण खालचा आकडा बघतात, सुस्कारा सोडतात आणि पैसे भरतात. पण त्यातला मधला भाग वाचण्यासारखा असतो. सगळ्यात वरची ओळ सरळ असते: घराच्या करपात्र किमतीच्या १ टक्का. तिच्याखाली मात्र लहान लहान ओळींची रांग लागते. प्राथमिक शाळांचे बाँड, हायस्कूलचे बाँड, काउंटीच्या हॉस्पिटलचा बाँड, परवडणाऱ्या घरांचा बाँड आणि त्यांच्यातच एक ओळ फूटहिल–डी अँझा कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टची. या सगळ्या ओळी कुणा अधिकाऱ्यानं घातलेल्या नाहीत. त्या त्या भागातल्या मतदारांनी कधी ना कधी मतपत्रिकेवर ‘होय’ला खूण केली, म्हणून त्या तिथे आहेत. आपल्याकडेही महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षणकर असतो, पण तो लावू का, असं पुणे-नाशिकच्या घरमालकाला कुणी कधी विचारलेलं नाही.

या लेखाचा विषय आहे ती कम्युनिटी कॉलेजची ओळ. ती कशी उगवते, तिच्यातून काय उभं राहतं आणि काय उभं राहत नाही.

आधी कॉलेजबद्दल. अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. अठरा वर्षांच्या पुढचा कुणीही आत येऊ शकतो. मार्कांची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि १९६० च्या राज्याच्या उच्च शिक्षण आराखड्यानं त्यांना मानाचं स्थान दिलं: दोन वर्षं इथे शिका आणि पुढची दोन बर्कली, लॉस एंजेलिस किंवा सॅन होजेच्या विद्यापीठांत. एके काळी इथे फीच नव्हती, ती १९८४ मध्ये आली. आजही राज्यातल्या रहिवाशाला डी अँझा कॉलेजात एका क्वार्टर युनिटला, म्हणजे तिमाही सत्रातल्या एका श्रेयांकाला, ३१ डॉलर पडतात. शेजारच्या स्टॅनफर्डशी ताडून बघितलं तर फुकटच म्हणायचं.

मराठी माणसाचा या कॉलेजांशी संबंध पोरं मोठी झाल्यावर येतो, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. एच-वन व्हिसावर आलेल्या इंजिनिअरच्या मागोमाग एच-फोरवर आलेल्या किती तरी बायकांनी हाच दरवाजा आधी ठोठावला. नोकरीची परवानगी नाही, पण शिकायला मनाई नाही. वर्षभर राज्यात राहिल्याचे कागद असले की फीही रहिवाशाची. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या काहींना काम करायची मुभा मिळाली, तेव्हा अकाउंटिंग, बालशिक्षण, प्रोग्रॅमिंगची ही सर्टिफिकिटं कामाला आली. बे एरियातल्या मराठी मंडळात चार जणींशी बोललात, तर त्यांतल्या एकीनं तरी डी अँझाच्या पार्किंगमध्ये जागा शोधत घिरट्या घातलेल्या असतात.

आता पैशांकडे येऊ. कॉलेजचा रोजचा खर्च चालतो तो राज्याचं अनुदान, स्थानिक मिळकतकर आणि थोड्या फीवर. नव्या इमारती, गळकी छपरं, प्रयोगशाळा, विजेच्या वायरी यांना मात्र एकरकमी मोठा पैसा लागतो. तो उभा करायचा रस्ता म्हणजे बाँड. डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातली कॉलेजं चालवणारी स्थानिक संस्था) कर्जरोखे विकतं, गुंतवणूकदार ते घेतात आणि पुढची पंचवीस-तीस-चाळीस वर्षं त्या भागातले घरमालक मिळकतकरातून मुद्दल आणि व्याज फेडतात. या रोख्यांच्या व्याजावर गुंतवणूकदाराला आयकर नसतो, म्हणून तो कमी व्याजावर राजी होतो. त्यात तारण म्हणजे साक्षात मिळकतकर, आणि तोही सिलिकॉन व्हॅलीतला. सावकाराला याहून सुखाची झोप कुठली लागणार?

पुणे महापालिकेनंही २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात ते वाजतगाजत नोंदवले. पण ते काढावेत की नाही, हे सभागृहानं आणि सरकारनं ठरवलं. कॅलिफोर्नियात ते मतदार ठरवतो, आणि त्यासाठी साधं बहुमत पुरत नाही. सगळी गोष्ट या न पुरण्यात आहे.

स्थानिक कर्जाला दोन तृतीयांश मतं हवीत, ही अट १८७९ च्या राज्यघटनेपासूनची. पुढे ६ जून १९७८ रोजी प्रॉपोझिशन १३ आलं. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या जोडीनं मांडलेला हा प्रस्ताव जवळपास ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यातली कलमं तीन ओळींत सांगता येतात: मिळकतकर १ टक्क्याच्या वर नाही, करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही आणि घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच बाजारभावानं नवी आकारणी. शाळा-कॉलेजांच्या मिळकतकराच्या उत्पन्नाला एका फटक्यात कात्री लागली. नवे स्थानिक बाँड तर १९८६ पर्यंत काढताच येत नव्हते. त्या वर्षी घटनादुरुस्तीनं दार पुन्हा उघडलं, पण उंबरठा तोच, दोन तृतीयांशांचा. शंभरातले पासष्ट जण ‘होय’ म्हणाले तरी बाँड पडायचा.

फूटहिल–डी अँझानं तो उंबरठा एकदा पार केला. १९९९ मध्ये २४ कोटी ८० लाख डॉलरचा ‘मेजर ई’ जुन्या नियमानं मंजूर झाला (मतपत्रिकेवरच्या स्थानिक प्रस्तावाला तिकडे ‘मेजर’ म्हणतात आणि ओळखीसाठी एक अक्षर देतात). गरजही उघड होती. लॉस आल्टोस हिल्सच्या टेकडीवरचं फूटहिल कॉलेज १९६१ चं. वास्तुविशारद अर्नेस्ट कंप यांनी उतरत्या रुंद छपरांचं असं देखणं आवार उभं केलं, की वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचे फोटो गेले. कूपर्टिनोतलं डी अँझा १९६७ चं, कौलं आणि कमानींचं. दोन्हींचं वय झालं होतं. कॅलिफोर्नियात भूकंप ही कधीतरीची गोष्ट नव्हे. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र इथून फार दूर नव्हतं. त्यातून १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर आलेल्या फील्ड कायद्यामुळे सरकारी शाळा-कॉलेजांच्या इमारतींचे नकाशे राज्याच्या वास्तुविशारद कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. इमारती भक्कम होतात, वेळ आणि पैसाही भरपूर खातात.

बाकीच्या डिस्ट्रिक्टांना मात्र दोन तृतीयांश झेपत नव्हतं. मार्च २००० मध्ये ‘साधं बहुमत पुरे’ असा प्रस्ताव राज्यभर मांडला गेला, तो थोडक्यात पडला. मग आठ महिन्यांनी प्रॉपोझिशन ३९ आलं आणि मधला आकडा घेऊन आलं: ५५ टक्के. ते मंजूर झालं ५३ टक्क्यांनी. म्हणजे जो उंबरठा त्यानं दुसऱ्यांना घालून दिला, तो त्याला स्वतःलाच ओलांडता आला नसता. राज्यव्यापी प्रस्तावाला साधं बहुमत चालतं, म्हणून निभावलं. लोकशाहीत असे विनोद अधूनमधून होतात आणि ते कुणी मुद्दाम केलेले नसतात.

५५ टक्क्यांची सवलत फुकट नव्हती. तिच्या बदल्यात मतदारांनी अटी घातल्या. कोणकोणती कामं करणार, त्यांची यादी आधी छापायची. दरवर्षी दोन लेखापरीक्षणं करायची, एक हिशेबाचं आणि एक कामाचं. करवाढीला मर्यादा: कम्युनिटी कॉलेजच्या एका बाँडला करपात्र किमतीच्या दर लाख डॉलरमागे अंदाजे २५ डॉलरच्या वर जायचं नाही. नागरिकांची देखरेख समिती नेमायची. आणि हा पैसा फक्त इमारती, जागा आणि उपकरणं यांवरच खर्च करायचा. शिक्षकांचे, अधिकाऱ्यांचे पगार किंवा रोजचा कारभार यांवर एक डॉलरही नाही.

ही शेवटची अट त्या वेळी सगळ्यांनाच शहाणपणाची वाटली. चाळीस वर्षांचं कर्ज काढून या वर्षीचे पगार भागवू नयेत, हे कुठलाही संसारी माणूस मान्य करील. पण तिचा परिणाम बघायचा तर ३ मार्च २०२० ची मतपत्रिका समोर घ्यावी लागते.

त्या दिवशी फूटहिल–डी अँझाच्या मतदारांपुढे एकाच डिस्ट्रिक्टचे दोन प्रस्ताव होते. ‘मेजर जी’ ८९ कोटी ८० लाख डॉलरच्या बाँडचा. दर लाख डॉलर करपात्र किमतीला वर्षाला अंदाजे १६ डॉलर. ‘मेजर एच’ पार्सल टॅक्सचा: प्रत्येक मिळकतीला वर्षाला सरसकट ४८ डॉलर, पाच वर्षांसाठी. हा पैसा अभ्यासक्रम, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठीच्या मदतीकडे जाणार होता. बाँडला ५५ टक्के हवे होते, पार्सल टॅक्सला तीच जुनी दोन तृतीयांश मतं. बाँड मंजूर झाला. पार्सल टॅक्सच्या बाजूनं बहुमत पडूनही तो हरला. २०१० मध्येही या डिस्ट्रिक्टनं ६९ डॉलरचा पार्सल टॅक्स मागितला होता, त्याचंही असंच झालं होतं.

समजा सनीव्हेलमधलं घर २५ लाख डॉलरला घेतलेलं आहे. बाँडचे त्याला वर्षाला ४०० डॉलर, तेही दशकानुदशकं. पार्सल टॅक्सचे ४८ डॉलर, पाच वर्षं. चारशे मिळाले, अठ्ठेचाळीस नाही. घर बांधून दिलं, पण कोठीत शिधा भरायचा नाही, असा हा व्यवहार. त्यात मतदाराला दोष द्यायची घाई मी करणार नाही, कारण बहुसंख्य मतदार दोन्हींना ‘होय’च म्हणाले होते. दोष उंबरठ्यांच्या उंचीचा आहे. कायद्यानंच ठरवून टाकलंय की भिंतीला ५५ पुरतील आणि भिंतीआड शिकवणाऱ्याला ६७ लागतील.

शिकवणाऱ्याचं काय होतं, हेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ आहेत. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, संध्याकाळी तिसरीकडे. मधला वेळ हायवेवर. तिकडे त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे नाव पटकन कळेल. नव्या कोऱ्या इमारतीत, झगमगीत प्रोजेक्टरसमोर उभा राहून शिकवणारा माणूस पुढच्या सत्रात आपल्याला वर्ग मिळणार की नाही, याच्या फिकिरीत असतो.

या निवडणुकीला आणखी एक शेपूट आहे. ३ मार्चला मतदान झालं आणि १६ मार्चला बे एरियातल्या काउंट्यांनी घरात बसायचे हुकूम काढले. ज्या आवारांसाठी नव्वद कोटींना मंजुरी मिळाली होती, ती पंधरवड्यात ओस पडली. पुढे साथ ओसरली, तरी बरेचसे वर्ग ऑनलाइनच राहिले, कारण नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. राज्यभर कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या साथीत घसरली. मग एवढ्या इमारती हव्यात कशाला, हा प्रश्न गैर नाही. त्याचं उत्तरही अगदीच नाही असं नाही: नर्सिंगची प्रयोगशाळा, वाहनदुरुस्तीचं वर्कशॉप, रसायनशास्त्राचं टेबल पडद्यावरून होत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या नळ्या तर कुणी ऑनलाइन बदलू शकत नाही.

चांगलं जे झालं, तेही डोळ्यांनी बघावं. डी अँझातलं कर्श सेंटर पर्यावरण अभ्यासासाठी १९९९ च्या बाँडमधून उभं राहिलं. विजेचा वापर कमी, उजेड आणि वारा खेळता. हरित इमारतींसाठी तिकडे जी सर्वांत वरची श्रेणी आहे, ती या इमारतीला मिळाली. २००६ मध्ये ४९ कोटी ८ लाख डॉलरचा ‘मेजर सी’ मंजूर झाला. त्यातून फूटहिलवर भौतिक विज्ञान आणि इंजिनिअरिंगची नवी इमारत झाली आणि सनीव्हेलला एक केंद्र. त्या केंद्राची जागा बघण्यासारखी आहे. तिथे पूर्वी ओनिझुका हवाई दलाचा तळ होता, लष्करी उपग्रहांवर नजर ठेवणारा. खिडक्या नसलेल्या त्याच्या निळ्या ठोकळ्यासारख्या इमारतीला सगळे ‘ब्लू क्यूब’ म्हणत. तळाला नाव होतं चॅलेंजर अपघातात गेलेले अंतराळवीर एलिसन ओनिझुका यांचं. हवाई दल गेलं, क्यूब पाडला गेला आणि त्या जागेच्या एका तुकड्यावर २०१६ मध्ये कॉलेजचं केंद्र सुरू झालं. जिथे साध्या माणसाला फाटकाशी उभं राहायची परवानगी नव्हती, तिथे आता कुणीही नाव नोंदवून वर्गात बसतो.

आणि फ्लिंट सेंटर. डी अँझाच्या कडेला असलेलं अडीच हजारांच्या आसपास खुर्च्यांचं हे नाट्यगृह १९७१ चं. २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी इथल्या रंगमंचावर पिशवीतून पहिला मॅकिंटॉश काढून दाखवला. तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, अॅपलनं आपलं घड्याळ जगाला दाखवलं तेही इथेच. पण इमारत भूकंपाच्या दृष्टीनं जुनी झालेली, दुरुस्तीचा खर्च अफाट आणि रोजच्या शिक्षणाशी तिचा संबंध थोडा. २०१९ मध्ये विश्वस्त मंडळानं ती बंद करायचं ठरवलं. तिच्या जागी विद्यार्थ्यांच्या उपयोगाची इमारत हा ‘मेजर जी’च्या यादीतला एक मोठा विषय. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीनं जिथे जन्मोत्सव साजरे केले, तिथला खर्च शेवटी गल्लीतल्या घरमालकांच्या बिलावर आला. हे वाचून हळहळ वाटते, पण निर्णय चुकला असं मला वाटत नाही. कॉलेजनं आधी कॉलेज असावं.

‘मेजर जी’मधला एक भाग घरांचा होता. भाड्यांनी पिचलेले विद्यार्थी गाडीत झोपतात, ही सिलिकॉन व्हॅलीतली काल्पनिक गोष्ट नाही. डिस्ट्रिक्टनं २०२४ मध्ये कूपर्टिनोतलं मॅक्लेलन टेरेस नावाचं अपार्टमेंट संकुल विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या भाडेकरूंनी विचारलं, आमचं काय? एका गरजूसाठी घर घेताना दुसरा गरजू बाहेर पडणार, हा पेच मतपत्रिकेवरच्या पंच्याहत्तर शब्दांत कुठेच नव्हता.

त्या पंच्याहत्तर शब्दांविषयी बोलायलाच हवं. कायद्यानं प्रश्नाला तेवढीच जागा दिलेली आहे. तो प्रश्न लिहिण्याचं एक शास्त्र झालं आहे. सुरुवातीला नर्स, अग्निशामक जवान, माजी सैनिक. मग गळकी छपरं आणि भूकंप. रक्कम, दर आणि मुदत शेवटाकडे. २०१७ च्या कायद्यानं हे तीन आकडे प्रश्नातच छापायची सक्ती केली, नाहीतर ते मागच्या पानांत गेले असते. मतदार पुस्तिकेत बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं छापून येतं. करदात्यांच्या संघटना हटकून विरोधात लिहितात आणि पुष्कळदा त्यांचंच लेखन जास्त वाचनीय असतं. मुद्दल आणि व्याज मिळून एकूण किती फेडायचं, याचा अंदाजही तिथे असतो. तो आकडा वाचून मग खूण करणारे मतदार किती, हे मतमोजणीत कळत नाही.

या खेळात आणखीही खेळाडू आहेत. कॉलेजला प्रचारावर सरकारी पैसा खर्च करता येत नाही, १९७६ पासून तसा न्यायालयाचा निवाडा आहे. मग प्रचाराचा पैसा येतो कुठून? वास्तुविशारद, कंत्राटदार, रोखे विकणारे दलाल यांच्याकडून. म्हणजे ज्यांना पुढे काम मिळणार, त्यांच्याकडूनच. २०१६ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांच्या कार्यालयानं मत दिलं, की प्रचाराच्या मदतीच्या बदल्यात काम देणं बेकायदा आहे. त्याच वर्षी राज्याच्या खजिनदारांनीही अशा कंपन्यांना राज्याच्या रोख्यांच्या कामातून वगळायचं धोरण जाहीर केलं. वाट अरुंद झाली, बंद नाही.

बिघडायचं तर किती बिघडतं, हे बघायला दक्षिणेकडे जावं. लॉस एंजेलिसच्या नऊ कॉलेजांच्या डिस्ट्रिक्टनं २००१, २००३ आणि २००८ असे तीन बाँड मिळून सुमारे ५७० कोटी डॉलर उभे केले. २०११ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं त्यावर लेखमाला चालवली: निकृष्ट बांधकाम, पुन्हा पुन्हा करावी लागलेली कामं, नियोजनाचा घोळ, सल्लागारांवर सल्लागार. बांधकाम कार्यक्रमाच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. देखरेख समिती तिथेही होतीच. सॅन दिएगोजवळच्या साउथवेस्टर्न कॉलेजात २००८ च्या ३८ कोटी ९० लाखांच्या बाँडनंतर कंत्राटदारांच्या जेवणावळी आणि तिकिटं घेतल्यावरून विश्वस्तांवर आणि अधिकाऱ्यांवर खटले झाले. पोवे या शाळा डिस्ट्रिक्टनं २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर अशा पद्धतीनं उचलले, की वीस वर्षं हप्ताच नाही आणि शेवटी फेड जवळपास ९८ कोटींची. ज्यांनी सह्या केल्या, ते निवृत्त होतील. फेडतील ती त्यांची नातवंडं. २०१३ च्या कायद्यानं अशा रोख्यांना चौपटीची आणि पंचवीस वर्षांची मर्यादा घातली.

एवढं होऊनही लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१६ मध्ये आणखी ३३० कोटी आणि २०२२ मध्ये ५३० कोटी डॉलर दिले. हे वाचून कुणी म्हणेल, लोक भोळे आहेत. मला तसं वाटत नाही. आपल्या मुलाला, शेजारणीला, गॅरेजमधल्या पोराला इथेच शिकायचंय, हे त्यांना माहीत आहे. बांधकामात पैसे खाल्ले म्हणून शाळाच नको, असं म्हणणारा मतदार रयत शिक्षण संस्थेच्या मुलखातही सापडत नाही.

भाराची वाटणी मात्र अन्यायाची आहे आणि मराठी वाचकाला ती जवळून बोचेल. १६ डॉलरचा दर घराच्या बाजारभावावर नाही, करपात्र किमतीवर. १९८० मध्ये दीड लाखाला घेतलेल्या घराची किंमत दोन-दोन टक्क्यांनी चाळीस वर्षांत सव्वातीन-साडेतीन लाखांवर जाते. त्याला ‘मेजर जी’चे वर्षाला पन्नास-पंचावन्न डॉलर. त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं तसंच घर काल-परवा पंचवीस लाखांना घेणाऱ्याला चारशे. कॉलेज एकच, भूकंप एकच, बिल सात-आठपट. आणि ते घर काल-परवा घेणारा माणूस कोण? पुष्कळदा पुण्याहून, नागपूरहून, बेळगावहून आलेला इंजिनिअर. तो अजून नागरिक नसतो. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात, नागरिकत्व त्याच्याही पुढे. तोवर तो प्रत्येक बाँडचा हप्ता भरतो आणि एकाही बाँडवर मत देऊ शकत नाही. बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा बुडवणाऱ्यांनी नेमकी हीच तक्रार केली होती.

ज्यांना नागरिकत्व मिळालं, ते तरी काय करतात? माझं निरीक्षण असं, की राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मराठी घरांत रात्र रात्र वाद होतात. कोकणस्थ-देशस्थ वादालाही लाजवतील असे. आणि मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला असलेल्या ‘मेजर’ अक्षरांवर कुणाला तरी फोन करून विचारलं जातं, ‘अरे, जीला काय करायचं?’ २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला झालं, हजारोंनी माणसं आली. उद्योजकतेवर, पुढच्या पिढीवर बोलणं झालं. कम्युनिटी कॉलेजसारख्या विषयाला आपल्या मंडळांत जागा मिळत नाही, कारण तो प्रतिष्ठेचा नाही. मुलगा बर्कलीला गेला तर पेढे. डी अँझाला गेला तर ‘सध्या तिकडे करतोय’.

देखरेख समिती हा या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच सर्वांत मोकळा कोपरा आहे. कायद्यानं किमान सात माणसं लागतात: व्यापाऱ्यांच्या संघटनेचा एक, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा एक, करदात्यांच्या संघटनेचा एक, कॉलेजला मदत करणाऱ्या मंडळींतला एक, एक विद्यार्थी आणि उरलेले सर्वसाधारण नागरिक. कॉलेजचा नोकर, कंत्राटदार, विक्रेता चालत नाही. मानधन नाही. दोन वर्षांची मुदत, सलग जास्तीत जास्त तीनदा. कामं निवडायचा किंवा कंत्राट रोखायचा अधिकार या समितीला नाही. खर्च झाल्यावर तो यादीप्रमाणे झाला का ते बघायचं, लेखापरीक्षण वाचायचं आणि जनतेला सांगायचं, एवढंच. राज्याच्या लिटल हूवर आयोगानं २०१७ च्या अहवालात या समित्यांना नीट प्रशिक्षण मिळत नाही, असं बजावलं होतं. दात नसलेली समिती, असं टीकाकार म्हणतात. पण जिला विचारायचं सुचतं, अशी समिती आणि जिच्या खुर्च्याच रिकाम्या आहेत, अशी समिती यांत फरक पडतोच.

तेव्हा बे एरियातल्या मराठी वाचकाला माझी सूचना अगदी साधी आहे. या डिसेंबरात बिल भरण्याआधी त्यातली कॉलेजची ओळ शोधा. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर देखरेख समितीचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण असतं, ते एकदा उघडा. हिशेब, बांधकाम, वीज, सॉफ्टवेअर हे ज्यांचं रोजचं काम आहे, अशी माणसं आपल्यात ढीगभर आहेत. जागा निघेल तेव्हा अर्ज करा. अजून नागरिक नसाल, तरी विश्वस्त मंडळाच्या जाहीर सभेला जाता येतं. तिथल्या कायद्यानं कुणालाही बोलायचा हक्क दिलेला आहे, नागरिकत्वाचा कागद कुणी मागत नाही. पुढच्या वेळी मतपत्रिकेवर बाँडच्या शेजारी पार्सल टॅक्स दिसला आणि मत तुमच्या हाती असलं, तर दोन्ही प्रश्न वाचल्याशिवाय मतपत्रिकेचं टपाली पाकीट चिकटवू नका.